भलत्याच विमानाला निरोप

मुरुगेशपाळ्यातलं हे घर मला दाखवणाऱ्या एजंटनं बाल्कनीचं दार मुद्दाम लावून ठेवलं होतं. मी ते उघडलं, आणि नेमकं तेव्हाच समोरच्या नारळांच्या शेंड्यांवरून एक जाडजूड फौजी विमान घरघरत वर गेलं. खिडक्यांची तावदानं थरथरली. एजंटचं तोंड उतरलं. "दिवसातून दोन-तीनदाच हां मॅडम, जास्त नाही," तो म्हणाला. मी म्हटलं, "घर पसंत आहे." तो माझ्याकडे बघतच राहिला. ज्या आवाजापायी त्याची गिऱ्हाइकं पळून जात होती त्या आवाजाशी आमच्या घराची जुनी ओळख आहे, हे त्याला कुठून कळणार!

बेंगळुरूत आता विमानतळ म्हटलं की देवनहळ्ळी. माझ्या ऑफिसातल्या पोरांना 'ओल्ड एअरपोर्ट रोड' हे नुसतं रस्त्याचं नाव वाटतं. या रस्त्यावर खरोखरच एक विमानतळ होता, आणि अजूनही आहे, हे सांगितलं की ती "हो का?" म्हणतात आणि पुन्हा मोबाइलमध्ये डोकं घालतात. त्यांचा तरी काय दोष? रस्त्यावरून दिसते ती नुसती लांबच लांब भिंत, वर काटेरी तार, आणि थोड्या थोड्या अंतरावर फोटो काढायला मनाई असल्याच्या पाट्या. भिंतीपलीकडे काय आहे हे आवाज आला तरच कळतं.

हा विमानतळ मुळात प्रवाशांसाठी बांधलेलाच नव्हता. महायुद्धाच्या काळात इथं विमानांचा कारखाना उभा राहिला. कारखाना म्हटला की धावपट्टी हवीच, म्हणून ती झाली. मग हवाई दल आलं. प्रवासी आले सगळ्यांच्या मागून, आणि तेही पोटभाडेकरू म्हणून. धावपट्टी एकच. तिच्यावरून कारखान्याचं नवं विमान चाचणीला जायचं, फौजेची विमानं जायची-यायची, आणि मधल्या मोकळ्या वेळात मुंबई-दिल्लीच्या विमानांनी आपलं उरकून घ्यायचं. घरमालक न्हाणीघरात गेला की भाडेकरू खांद्यावर टॉवेल टाकून दाराशी उभा राहतो ना, तशी ती प्रवासी विमानं उभी असायची. कुणी तक्रार करत नसे. निदान आमच्या कानांवर तरी कधी आली नाही.

प्रवाशांची इमारत बुटकी होती, एका नजरेत मावणारी. पुढे पोर्च, आत कॉफीचा काउंटर, सामानाचा पट्टा फिरताना कुरकुरायचा. आणि या सगळ्याच्या वर गच्ची. खाली एका खिडकीशी तिकीट काढायचं, जिना चढायचा, की समोर सगळी विमानं. जवळची, लांबची, फौजेची, आपली. रविवारी लोक चित्रान्नाचे डबे घेऊन यायचे आणि कठड्याशी उभे राहून खात खात विमानं बघायचे. देवनहळ्ळीच्या विमानतळावर बाग आहे, रोषणाई आहे, हजार रुपयांचा डोसा आहे म्हणतात. गच्ची नाही. जाणारं माणूस काचेच्या दारातून आत शिरलं की संपलं. पोचवायला आलेल्यांनी मग खांबाला हात करावा.

आम्ही मूळचे इथल्याच चामराजपेटचे. म्हणजे तसे मूळचे नव्हे. तीनेकशे वर्षांपूर्वी मराठी फौजांबरोबर आमची माणसं इकडं आली आणि इथलीच झाली. "आपण लढायला नाही आलो, लढणाऱ्यांचे कपडे शिवायला आलो," असं अप्पा सांगायचे. अप्पा म्हणजे माझे वडील. त्यांचं चामराजपेटेत शिवणाचं दुकान होतं, गळ्यात चोवीस तास टेप. विमानतळावर सामान चढवणाऱ्या माणसांचे निळे शर्ट शिवायचं काम त्यांना बरीच वर्षं मिळत होतं. मापं घ्यायला ते तिकडं जायचे. तेवढ्यावरून सबंध विमानतळ आपल्या ओळखीचा आहे अशी त्यांची ठाम समजूत झाली होती. रस्त्यात विमानाचा आवाज आला की वर न बघता ते सांगायचे, "मुंबईचं." खरं-खोटं कोण तपासणार? आम्ही मान डोलवायचो.

माझा भाऊ, म्हणजे अण्णा, कॅनडाला नोकरीसाठी निघाला ते याच विमानतळावरून. आधी मुंबई, तिथून पुढं. आमच्या सबंध गल्लीत विमानात पाऊल टाकणारा तो पहिला. आई तेव्हापासून आजतागायत त्याला पुट्टा म्हणते. पुट्टा म्हणजे कन्नडात छोटा. तिचा हा छोटा तेव्हाही साडेपाच फुटांहून उंच होता. आईनं अंजिरी रंगाची इरकली साडी नेसली होती, तिची सगळ्यात चांगली. अप्पांनी इस्त्रीचा शर्ट घातला, पण गळ्यातली टेप काढायला विसरले. कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण टेपेशिवाय त्यांना कुणी पाहिलंच नव्हतं.

अण्णा दारातून आत गेला आणि आम्ही तिघं धावत गच्चीवर गेलो. खाली काँक्रीटच्या अंगणात बरीच विमानं उभी होती. त्यातली दोन आम्हाला आपली वाटावीत अशी होती: दोन्ही पांढऱ्या पाठीची, दोन्हींना खिडक्यांची रांग. एक उजवीकडं, एक डावीकडं. प्रवाशांची बस इमारतीतून निघाली, वळली आणि मधेच उभ्या असलेल्या एका टँकरच्या आड गेली. पुन्हा दिसली ती रिकामी. अण्णा दोहोंपैकी कुठल्या विमानात चढला ते आम्हाला कळलंच नाही. भोंग्यातून काहीतरी सांगत होते, पण इंजिनांच्या आवाजात ते कुणाला ऐकू येणार?

आई रडकुंडीला आली. "कुठलं हो? कुठलं?"

अप्पांनी डोळे बारीक केले. उजवीकडच्या विमानाभोवती निळे शर्ट घातलेली माणसं लगबग करत होती. अप्पांचा चेहरा उजळला. "अगं, माझे शर्ट बघ की! माझे शर्ट जिथं, आपलं विमान तिथं. सरी?"

सरी म्हणजे बरोबर, आणि बरोबरच म्हणायचं. शिवणाऱ्यानं आपलं शिवण ओळखलं म्हटल्यावर आम्ही कोण शंका घेणार? त्या विमानाचं दार लागलं, पंखे फिरले, ते हळूहळू धावपट्टीकडं निघालं. आई कठड्याला पोट लावून उभी राहिली आणि हात हलवायला लागली. विमान लांब गेलं, वळलं, धावलं, उडालं, ठिपका झालं, तरी तिचा हात थांबेना. शेवटी अप्पा म्हणाले, "साकू गं, साकू." पुरे झालं, म्हणजे. हाच कन्नड शब्द ते गिऱ्हाइकाचं शेवटचं माप घेऊन झाल्यावरही म्हणायचे. मग आम्ही खाली उतरलो आणि बस पकडून मार्केटमार्गे घरी आलो. आई वाटेत खिडकीबाहेर बघत होती. मला वाटतं तिला बरं वाटत होतं. रडून झालं होतं, निरोप मनासारखा झाला होता.

संध्याकाळी शेजारच्यांच्या फोनवर अण्णाचा मुंबईहून फोन आला. पोचलो, पण उशीर झाला, म्हणाला. फौजेची विमानं उतरत होती म्हणून आमचं विमान जागेवरच थांबवून ठेवलं होतं, खूप वेळ. फोन अप्पांनी घेतला होता. घरी येऊन त्यांनी ते जसंच्या तसं सांगितलं, आणि सांगता सांगताच त्यांच्या ध्यानात आलं. आमच्याही आलं. आम्ही बसमध्ये होतो तेव्हा अण्णा अजून खालीच बसलेला होता, डावीकडच्या विमानात.

आईनं विचारलं, "मग आपण हात कुणाला केला?"

अप्पांनी गळ्यातली टेप सारखी केली. मग म्हणाले, "फौजेला."

हवाई दलाच्या माणसांचे शर्टही निळेच होते. लांबून ती निळाई आणि अप्पांची निळाई एकच दिसत होती. एका अंगणात दोन संसार मांडलेल्या त्या विमानतळावरच असली चूक होऊ शकते, आणि ती शिंप्याच्याच हातून व्हावी!

पुढं या गोष्टीची चेष्टा झाली. अप्पा प्रत्येक पाहुण्याला ती रंगवून सांगायचे. "आमच्या मंडळींनी सबंध हवाई दलाला रडत रडत निरोप दिलाय," असं म्हणून आईचा हात हलवून दाखवायचे. आई फटकारायची, "आणि तुम्ही? आयुष्यभर कापडात हात घालून निळा रंग ओळखू आला नाही!" पाहुणे हसून हसून लोटपोट. मीही हसायचे. पण पाहुणे गेल्यावर आई स्वयंपाकघरात एकटीच पुटपुटायची ते मी एकदा ऐकलं होतं. "त्यानं खिडकीतून बघितलं असेल, आणि गच्ची रिकामी असेल."

हे तिच्या मनातून कधी गेलं नाही. आणि दुरुस्त करायची संधीही पुन्हा आली नाही. पुढच्या वेळी अण्णा आला तोपर्यंत सुरक्षेपायी गच्ची बंद झाली होती. मग एक दिवस प्रवासी विमानंच सगळी देवनहळ्ळीला गेली, आणि जुना विमानतळ पुन्हा कारखान्याचा आणि फौजेचा झाला. तिथून प्रवासी विमानं परत सुरू करणार अशी बातमी दर थोड्या दिवसांनी पेपरात येते. आई ती मला मोठ्यानं वाचायला लावते. आमच्या वाट्याला गच्ची एकदाच आली, आणि ती अशी वाया गेली, असं तिनं मनाशी पक्कं धरून ठेवलं होतं.

अप्पा गेल्यावर मी तिला माझ्याकडं आणलं. पहिल्याच दिवशी दुपारी भिंतीपलीकडून घरघर सुरू झाली. आई घराच्या भिंतीला धरत धरत बाल्कनीत गेली आणि वर जाणाऱ्या त्या राखाडी विमानाला तिनं हात केला. नंतर ते रोजचंच झालं. मी चिडवायचे, "काय गं, फौजेची नोकरी लागली वाटतं तुला?" ती म्हणायची, "असू दे की. कुणाचं तरी लेकरू असतंय त्यात." खालच्या मजल्यावरच्या आजी मला जिन्यात गाठून हळूच विचारायच्या, आईंचं डोकं ठीक आहे ना? मला त्यांचा राग यायचा. आईचं डोकं आमच्या सगळ्यांपेक्षा ठीक होतं.

परवा अण्णा येऊन गेला. आता त्याचेही केस पांढरे झालेत, गुडघे कुरकुरतात. आईला तर आता बाल्कनीपर्यंत जायलाही माझा हात लागतो, आणि गाडीत फार वेळ बसवू नका असं डॉक्टरांनी बजावलंय. हा पुढच्या वेळी येईल तेव्हा आई असेल का, हे आम्हा तिघांच्याही मनात होतं आणि तिघंही इडली-चटणीबद्दल बोलत होतो. निघायच्या दिवशी सकाळी आईनं ती अंजिरी इरकली बाहेर काढायला लावली. काठ विरलेत, पण नेसता येते.

"कुठं निघालीस?" अण्णानं विचारलं.

"तुला पोचवायला."

"आई, देवनहळ्ळी! दोन तास जायला, दोन तास यायला. आणि तिथं आत सोडत नाहीत गं कुणाला."

"बाहेरून बघीन की. विमान दिसतंय की नाही?"

"दिसत नाही."

"मग मी स्वल्प थांबीन. उडेपर्यंत."

अण्णा हसला, मी वैतागले. मी तिला रिंग रोडचा ट्रॅफिक सांगितला, डॉक्टर सांगितले, तिच्या पायांची सूज सांगितली. ती पदराच्या निऱ्या करत राहिली. मग आवाज चढला, माझाच. आणि आई एकदम लहान मुलासारखी रडायला लागली.

"एकदा तुझं विमान समजून भलत्याला हात केला मी," ती अण्णाला म्हणाली. "तू आत बसून बघत होतास आणि वर कुणी नव्हतं. परदेशी जाणाऱ्या लेकराला रिकामी गच्ची दाखवली. ह्या वेळी तरी नीट बघून येते की रे पुट्टा. पुन्हा कधी?"

एवढ्या वर्षांत तिनं हे त्याच्याजवळ कधीच बोलून दाखवलं नव्हतं.

अण्णा बॅगेची चेन लावत होता. तो उठून तिच्या पायाशी येऊन बसला. म्हणाला, "कुणी नव्हतं कसं? मी सगळं बघितलं."

"काय बघितलंस?"

"तुला. मी गच्चीकडच्याच खिडकीत होतो. आमचं विमान जागेवर उभं, काय करणार, गच्चीकडं बघत बसलो. तू दिसलीस. उजवीकडच्या विमानाला हात करत होतीस. मी आतून काचेवर थापा मारतोय, शेजारचा माणूस माझ्याकडं बघतोय. मग म्हटलं, राहू दे. हात मलाच तर करतेय."

आईनं डोळे पुसले आणि संशयानं त्याच्याकडं पाहिलं. माझी समजूत घालतोयस, असं तिच्या तोंडावर स्वच्छ लिहिलेलं होतं. "साडी कुठली होती?"

"ही तुझ्या अंगावर आहे ती."

"ते कुणीही सांगेल. समोरच आहे."

"उजवा हात दुखायला लागला तेव्हा तू डाव्या हातानं कोपराला टेकू दिलास, आणि तसाच हलवत राहिलीस. पदर डोक्यावरून पडला तो सावरला नाहीस."

हे मलाही आठवत नव्हतं. आईला आठवत असावं, कारण ती स्वतःच्या कोपराकडं बघायला लागली.

"आणि ऐक," अण्णा म्हणाला, "तू बरोबर विमानाला हात केला असतास ना, तर मला काहीच दिसलं नसतं. तो विमानतळ फौजेचा. आमचं विमान निघायच्या आधी विमानातल्या बाईनं प्रत्येक खिडकीची झडप खाली ओढायला लावली. उडून वर जाईपर्यंत उघडायची नाही. उडताना मला बाहेरचं बोटभरसुद्धा दिसलं नाही. तुम्ही चुकलात म्हणून तर मला दिसलात."

आई ऐकत राहिली. मी तिच्या मागं उभी होते. म्हणजे वाया काहीच गेलं नव्हतं, तो सगळा निरोप जिथं पोचायचा तिथं पोचला होता.

"मग सांगितलं का नाहीस, मेल्या?" मी म्हटलं.

अण्णा जरा घुटमळला. "पहिल्यांदा परत आलो तेव्हा अप्पा पाहुण्यांना तीच गोष्ट सांगत होते. सगळे हसत होते. मी सगळं सांगितलं असतं तर अप्पांचंही सांगावं लागलं असतं."

"ह्यांचं काय?" आईनं विचारलं.

"तुम्ही दोघी त्या विमानाकडं बघत होतात. अप्पांनी तुमच्याकडं पाठ केली. म्हणजे तोंड झालं माझ्याकडं. चष्मा काढला. मग बराच वेळ रडत होते. गळ्यात ती टेप. शर्टाच्या बाहीनं तोंड पुसलं, चष्मा लावला, आणि मगच तुझ्याकडं वळून म्हणाले असतील, साकू म्हणून. मी त्यांच्या अगदी समोर होतो आणि त्यांना माहीतच नव्हतं. तेवढं ते चारचौघांत कसं सांगू? नंतर ते गेले, आणि राहूनच गेलं. तुझ्या मनाला हे एवढं लागलंय ते मला ठाऊक असतं तर…"

"रडले?" आई म्हणाली. "हे?"

मी अप्पांना रडताना कधी पाहिलं नव्हतं, आजी गेली तेव्हाही नाही. आईनंही पाहिलं नसावं. पाहुण्यांपुढं तिचा हात हलवून दाखवणारे अप्पा मला आठवले आणि मला हुंदका आला. अण्णाचेही डोळे भरले. आई मात्र आता रडत नव्हती. ती मान हलवत, अगदी हळू हसत होती. "आणि आयुष्यभर मला हसत होता की तो माणूस," ती म्हणाली. नवऱ्याला 'तो' म्हणताना मी तिला पहिल्यांदाच ऐकलं.

टॅक्सी आली. आईनं बरोबर यायचा हट्ट पुन्हा धरला नाही. दारातच तिनं अण्णाच्या तोंडावरून हात फिरवला, कडाकडा बोटं मोडली आणि म्हणाली, "सरी. सावकाश जा." मी तिला खुर्चीत बसवून खाली जाऊन आले. वर येऊन पाहते तर इरकली अजून अंगावरच होती.

जेवण झालं. मी भांडी आवरत होते तेवढ्यात भिंतीपलीकडून रोजची घरघर सुरू झाली. मी हात पुसत तिला बाल्कनीत न्यायला गेले. ती खुर्चीतून उठली नाही. तावदानं थरथरली, विमान नारळांवरून वर गेलं.

"चल ना, जाईल ते," मी म्हटलं.

"साकू," आई म्हणाली. "बघितलंय त्यानं."